समुद्रातील नदी : एका रूपकाची आणि एका संख्येची चिकित्सा

१

हिंगोली जिल्ह्याच्या भूमीवर पडणाऱ्या पावसाचा जो अंश वाहून जातो, तो अखेर एकाच समुद्रास मिळतो. नरसी नामदेव येथून वाहणारी कयाधू पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. जिल्ह्यातील दुसरी मोठी नदी पूर्णा. सिद्धेश्वर धरण ओलांडून ती अधिक जवळच्या मार्गाने त्याच गोदावरीत जाते. सह्याद्रीकडे पाठ फिरवून हे सारे पाणी बंगालच्या उपसागराकडे निघालेले असते. शालेय भूगोलाचे वर्णन येथवर येऊन थांबते. नदी समुद्रास मिळाली की वाक्य पूर्ण होते, आणि वाक्य पूर्ण झाले म्हणजे पाण्याचा प्रवासही संपला अशी वाचकाची समजूत होते.

वस्तुतः प्रवास तेथे संपत नाही. गोदावरी जेथे समुद्रास मिळते त्या किनाऱ्यालगत एक मोठा प्रवाह वाहतो. तो उपसागराच्या पश्चिम कडेने, म्हणजेच भारताच्या पूर्व किनाऱ्यालगत, वर्षातील काही महिने उत्तरेकडे व काही महिने दक्षिणेकडे जातो. समुद्रविज्ञानात त्यास पूर्व भारतीय किनारी प्रवाह म्हणतात. आणि अटलांटिकमधील गल्फ प्रवाह, पॅसिफिकमधील कुरोशिओ, आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याचा अगुल्हास, सोमालियाचा किनारी प्रवाह ज्या वर्गात मोडतात, त्या 'पश्चिम सीमा प्रवाह' या वर्गात त्याची गणना होते.

या प्रवाहाविषयी विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत सामान्यतः दोन विधाने आढळतात. पहिले असे, की हा प्रवाह म्हणजे समुद्रातील नदी होय. दुसरे असे, की तो सेकंदाला सुमारे एक कोटी घनमीटर पाणी वाहून नेतो. पहिले विधान रूपकाचे व दुसरे संख्येचे असल्यामुळे पहिले शोभेचे आणि दुसरे शास्त्राचे, अशी विभागणी सहज केली जाते. ही विभागणी टिकणारी नाही. संख्या ज्या रीतीने काढली जाते त्या रीतीतच रूपकातील काही गृहीतके शिरलेली असतात. ती ओळखल्यावाचून संख्येचा अर्थ लागत नाही. त्या गृहीतकांचा शोध घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

समुद्रप्रवाहास नदी म्हणण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. बंगालच्या नद्यांची मोजणी करणारा आणि १७८२ साली हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध करणारा जेम्स रेनेल उत्तरायुष्यात समुद्रप्रवाहांच्या अभ्यासाकडे वळला. अटलांटिकच्या प्रवाहांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर, १८३२ साली, प्रसिद्ध झाला. गंगा व ब्रह्मपुत्रा यांची पात्रे ज्याने रेखाटली त्याने समुद्राकडे पाहताना प्रवाहांचे दोन प्रकार केले, हे लक्षणीय आहे. वाऱ्याबरोबर वरच्यावर सरकणारे पाणी हा एक प्रकार, आणि स्वतःच्या बळाने वाट काढणारा ओघ हा दुसरा. पुढे १८५५ साली अमेरिकन नौदल अधिकारी मॅथ्यू मॉरी याने आपल्या समुद्रभूगोलावरील ग्रंथात गल्फ प्रवाहाचे वर्णन महासागरातील नदी असे केले. तिचे काठ व तळ थंड पाण्याचे आणि ओघ उष्ण पाण्याचा, असे चित्र त्याने उभे केले. ते चित्र इतके प्रभावी ठरले, की त्यानंतरच्या लोकप्रिय लेखनास त्यातून बाहेर पडणे अवघड झाले.

रूपक म्हणजे असत्य नव्हे. एका वस्तूचे काही गुणधर्म दुसरीवर आरोपित करून विचारास वाट करून देणे हे त्याचे कार्य. परंतु जे गुणधर्म हेतुतः आरोपित केले जातात त्यांच्या मागोमाग न मागितलेलेही काही येतात. 'नदी' या शब्दाबरोबर मराठी वाचकाच्या मनात निदान चार गोष्टी येतात : दोन काठ, एक तळ, एक दिशा आणि एक उगम. या चारही गोष्टी नदीचे पाणी मोजताना उपयोगी पडतात. समुद्रात मात्र त्यांतील प्रत्येक वादग्रस्त ठरते.

३

कयाधूचे पाणी कसे मोजतात ते प्रथम पाहावे. पात्राचा आडवा छेद घेतात, त्याचे उभे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यात ठरावीक खोलीवर प्रवाहमापक सोडून वेग पाहतात, वेगास पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणतात आणि सर्व पट्ट्यांची बेरीज करतात. काठ व तळ डोळ्यांसमोर असल्यामुळे क्षेत्रफळाविषयी फारसा संशय उरत नाही.

बंगालच्या उपसागरात हीच रीत सरसकट वापरता येत नाही. खोली दोन-तीन हजार मीटर, रुंदी शेकडो किलोमीटर, आणि जहाज स्वतःच प्रवाहाबरोबर वाहणारे. म्हणून दीर्घकाळ वेगळी वाट चोखाळली गेली. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहणारे पाणी उजवीकडे ढकलले जाते. हे ढकलले जाणे आणि दाबातील उतार यांचा समतोल साधला, की प्रवाहाच्या उजव्या बाजूस पाणी किंचित उंच राहते. पंधरा अंश अक्षांशावर सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणारा शंभर किलोमीटर रुंदीचा प्रवाह घेतला, तर त्याच्या दोन बाजूंच्या जलपृष्ठांत सुमारे १९ सेंटीमीटरांचा फरक पडतो. शंभर किलोमीटरांत वीतभरही उंची नाही. आणि तरीही एवढ्याशा उतारावर सारा हिशेब उभा असतो.

हा उतार जहाजावरून दिसत नाही. त्याऐवजी निरनिराळ्या ठिकाणी थांबून वेगवेगळ्या खोलींवरील पाण्याचे तापमान व क्षारता मोजतात, त्यांवरून घनता काढतात, आणि घनतेच्या फरकावरून वेग काढतात. यास भूवलनोत्पन्न वेग म्हणतात. परंतु या रीतीने मिळतो तो सापेक्ष वेग. वरचे पाणी खालच्या पाण्यापेक्षा किती अधिक वेगाने जाते एवढेच तिला सांगता येते. खालचे पाणी स्वतः किती वेगाने जाते हे तिला ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी एखादी खोल पातळी निवडून तेथील पाणी स्थिर आहे असे मानतात. तिला निश्चल पातळी म्हणतात.

येथे नदीचे रूपक संख्येच्या पोटात शिरते. निश्चल पातळी म्हणजे समुद्रातील नदीला हिशेबाच्या सोयीसाठी दिलेला तळच होय. तो खडकाचा नाही, वाळूचा नाही, मॉरीच्या चित्रातील थंड पाण्याचाही नाही. तो गृहीताचा आहे. त्या गृहीतात चूक झाली तर किती फरक पडतो, हे साध्या गुणाकाराने कळते. शंभर किलोमीटर रुंद व एक हजार मीटर खोल छेदाचे क्षेत्रफळ दहा कोटी चौरस मीटर होते. निश्चल मानलेले पाणी प्रत्यक्षात सेकंदाला केवळ दोन सेंटीमीटर सरकत असेल, तर सेकंदाला वीस लाख घनमीटरांची चूक होते. एकूण अंदाज एक कोटीचा असेल तर त्याचा हा पाचवा हिस्सा आहे. मुंगीच्या चालीइतका वेग नजरेतून सुटला, तर जगातील सर्व नद्या मिळून समुद्रास जेवढे पाणी देतात त्याहून अधिक पाणी हिशेबात चुकू शकते.

जेथे प्रवाहास खरोखरीचे काठ व तळ आहेत तेथे अंदाज सर्वांत विश्वसनीय ठरला, हा योगायोग नव्हे. फ्लॉरिडा व बहामा यांमधील सामुद्रधुनीत जॉन पिल्सबरी याने १८८० नंतरच्या दशकात 'ब्लेक' हे जहाज नांगरून प्रत्यक्ष वेग मोजले. १९८२ पासून तेथे समुद्रतळावरील दूरध्वनीच्या तारेत उत्पन्न होणाऱ्या विद्युद्दाबावरून प्रवाहाचे सातत्याने मापन झाले. सेकंदाला सुमारे ३ कोटी २० लाख घनमीटर ही तेथील सरासरी आहे. समुद्रविज्ञानात सेकंदाला दहा लाख घनमीटर या मानास हाराल्ड स्व्हेर्द्रुप याच्या नावाने एक स्व्हेर्द्रुप म्हणतात. म्हणजे हे ३२ स्व्हेर्द्रुप झाले. तोच प्रवाह सामुद्रधुनी सोडून खुल्या अटलांटिकमध्ये शिरला, की त्याचे आकडे शंभराच्या वर जातात, कारण तेथे बाजूला गोल फिरून परत येणारे पाणीही छेदात सापडते. तेच पाणी पुन्हा पुन्हा मोजावे की नाही, हा प्रश्न नदीच्या काठी कधी उद्भवत नाही.

४

बंगालच्या उपसागरातील प्रवाहाच्या अंदाजाचे श्रेय मुख्यतः गोव्यातील संशोधकांकडे जाते. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय दोना पावला येथे आहे. तेथील सतीश शेट्ये व त्यांचे सहकारी यांनी १९९१ च्या मार्च-एप्रिलमध्ये घेतलेल्या निरीक्षणांवर आधारलेला लेख १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेकडे जाणाऱ्या प्रवाहाचे वहन सुमारे १० स्व्हेर्द्रुप दिले आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील निरीक्षणांवरील दुसरा लेख १९९६ साली आला. त्यात दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाहाचे वहन उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाऊन सुमारे २.६ पासून ७.७ स्व्हेर्द्रुपपर्यंत पोहोचते असे दाखविले आहे.

दहा स्व्हेर्द्रुप म्हणजे किती, हे मराठवाड्यातील वाचकाने आपल्या मापाने समजून घ्यावे. गोदावरीचे सरासरी वार्षिक जलमान सुमारे ११० अब्ज घनमीटर, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार घनमीटरांच्या आसपास आहे. त्या मानाने हा प्रवाह गोदावरीच्या अडीच हजार पटींहून मोठा ठरतो. पैनगंगेवरील इसापूर धरणाचा उपयुक्त साठा शंभर कोटी घनमीटरांच्या जवळपास आहे. तेवढे पाणी हा प्रवाह पावणेदोन मिनिटांच्या आत नेतो. ज्या धरणाच्या पाण्यावर गावोगावच्या रब्बी पिकाचा निर्णय होतो त्याचा समुद्राच्या हिशेबात हा असा शेर आहे.

या लेखांचा गुण असा, की त्यांतील विधाने मर्यादित आहेत. १९९३ च्या लेखाच्या शीर्षकातच आवर्त 'ऋतुमानानुसारी' असल्याचे म्हटले आहे. संख्या कोणत्या महिन्याची आणि कोणत्या दिशेची हे लेखकांनी सांगितले आहे. गल्फ प्रवाहाच्या बाबतीत ज्या सिद्धांताने पश्चिम सीमेचे रहस्य उलगडले, त्याचा आधार त्यांनी विवेकाने घेतला आहे. १९४७ साली स्व्हेर्द्रुप याने वाऱ्याच्या पिळावरून खुल्या समुद्रातील वहन काढता येते हे दाखविले. १९४८ साली हेन्री स्टोमेल याने कोरिऑलिस प्रेरणा अक्षांशानुसार बदलत असल्यामुळेच परतीचे पाणी पश्चिम कडेस अरुंद व वेगवान होते हे सिद्ध केले. १९५० साली वॉल्टर मुंक याने त्या हिशेबास अधिक पूर्ण रूप दिले. या उपपत्तीप्रमाणे सीमा प्रवाहाचे पाणी डोंगरातील उगमापासून येत नाही. विस्तीर्ण समुद्रात वाऱ्याने एका दिशेस लोटलेले पाणी परत येऊन जेथे बाकी शून्य करते, ती जागा म्हणजे पश्चिम सीमा. उगमाची कल्पना येथे गळून पडते.

बंगालच्या उपसागरात तर ती अधिकच गळून पडते. १९९६ साली शंकर, मॅक्रिअरी, शेट्ये प्रभृतींनी सैद्धांतिक व संगणकीय रीतीने असे दाखविले, की या प्रवाहास चालना देणारी कारणे चार आहेत : उपसागराच्या मध्यभागावरील वाऱ्याचा पीळ, किनाऱ्यालगतचा स्थानिक वारा, उपसागराच्या उत्तर व पूर्व कडांवरील दूरचा वारा, आणि विषुववृत्तावरील वारा. शेवटच्या दोहोंचा परिणाम किनाऱ्याच्या कडेने सरकणाऱ्या लाटांच्या द्वारा येतो. विषुववृत्तावर वारा वाहतो, आणि त्याची वार्ता सुमात्रा व ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यांना वळसा घालून आंध्रच्या किनाऱ्यास पोहोचते. येथे प्रवास होतो तो पाण्याचा नव्हे, तर पाण्याच्या हालचालीचा. नदीच्या भाषेत या घटनेस शब्दच नाही.

मग दोष कोठे आहे? तो पद्धतीच्या मर्यादेत आहे आणि त्याहून अधिक आपल्या वाचनात आहे. जहाजावरून घेतलेला छेद काही आठवड्यांचे एक चित्र देतो. संशोधन-लेखातून पाठ्यटिपणात उतरताना '१९९१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, उत्तरेकडे, अमुक छेदातून, अमुक पातळी निश्चल मानून' ही सारी विशेषणे गळतात आणि उरतो तो केवळ 'दहा' हा आकडा. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर क्रियाविशेषणे गळून वाक्य कालनिरपेक्ष बनते. 'प्रवाह दहा स्व्हेर्द्रुप पाणी वाहून नेई' आणि 'प्रवाह दहा स्व्हेर्द्रुप पाणी वाहून नेतो' ही दोन वेगळी विधाने आहेत. रीतिवर्तमानाचा तो 'नेतो' या प्रवाहास शोभत नाही. वसंतातील उत्तरेकडचे दहा आणि डिसेंबरातील दक्षिणेकडचे सुमारे साडेसात यांची कोणी सरासरी काढली, तर उत्तरेकडे जाणारा सव्वा स्व्हेर्द्रुपचा एक क्षीण प्रवाह कागदावर उत्पन्न होईल. कोणत्याही महिन्याचा तो खरा प्रतिनिधी नसेल.

२००९ नंतर याच संस्थेने पूर्व किनाऱ्याच्या उतारावर, ध्वनीच्या डॉप्लर परिणामावर चालणारे प्रवाहमापक नांगरून ठेवले. त्यांच्या सलग नोंदींनी दोन गोष्टी पुढे आणल्या. ऋतूंच्या दोलनाखेरीज काही आठवड्यांच्या अंतराने होणारे चढउतारही मोठे आहेत. आणि वरचे पाणी एका दिशेस जात असता खालचे विरुद्ध दिशेस जाऊ शकते. दुसरी गोष्ट निश्चल पातळीच्या गृहीतावर थेट आघात करणारी आहे. १९९२ पासून उपग्रहांवरून समुद्रपृष्ठाची उंची सातत्याने मोजली जाऊ लागली, आणि २०१३ साली भारत व फ्रान्स यांनी मिळून 'सरल' हा उपग्रह त्याच कामासाठी पाठविला. पृष्ठाचा उतार आता आकाशातून दिसतो. परंतु उपग्रहास पृष्ठच दिसते, आणि किनाऱ्याच्या अगदी जवळ त्याची दृष्टी मंद होते. खोलीचा प्रश्न शिल्लकच राहतो.

५

आता परिभाषेकडे वळावे लागेल, कारण चुकीची वाट पुष्कळदा शब्दातच सुरू होते. 'पश्चिम सीमा प्रवाह' या समासात पश्चिम कोणाची, याचा उल्लेख नाही. मराठी वाचकाच्या मनात 'पश्चिम किनारा' म्हणजे कोकण. परिणामी विद्यार्थी हा प्रवाह रत्नागिरीच्या समोर शोधतो. येथे पश्चिम आहे ती समुद्राची, भूमीची नव्हे. उपसागराची पश्चिम सीमा म्हणजे भारताचा पूर्व किनारा. आणि कोकणचा किनारा ही अरबी समुद्राची पूर्व सीमा होय. 'समुद्राच्या पश्चिम कडेचा प्रवाह' हे रूप लांब आहे. परंतु त्यात षष्ठी प्रत्यक्ष उच्चारलेली असल्याने संशयास जागा राहत नाही.

दुसरा घोटाळा दिशेचा आहे. वाऱ्याचे नाव तो जेथून येतो त्या दिशेवरून पडते, प्रवाहाचे तो जेथे जातो त्या दिशेवरून. नैर्ऋत्य मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो. 'नैर्ऋत्य प्रवाह' मात्र नैर्ऋत्येकडे जातो. एकाच विशेषणाचे दोन उलट अर्थ एकाच पानावर वावरत असतील, तर 'उत्तरवाही', 'दक्षिणवाही' हा आपल्या भाषेतील सिद्ध प्रत्यय वापरणे श्रेयस्कर. उत्तरवाहिनी नदी ही कल्पना तीर्थमाहात्म्यांमुळे मराठी वाचकास परकी नाही.

तिसरा प्रश्न 'वहन' या शब्दाचा. यासाठी 'परिवहन' योजण्याचा मोह होतो. पण तो शब्द राज्याच्या मार्ग परिवहन महामंडळाने इतका व्यापला आहे, की वाचकास समुद्राऐवजी एस. टी. ची गाडी दिसते. 'विसर्ग' हा पाटबंधारे खात्याचा शब्द पावसाळ्यात प्रत्येक वृत्तपत्रात येतो. परंतु विसर्ग म्हणजे सोडणे, आणि सोडण्यास कोणी धरून ठेवलेले असावे लागते. सीमा प्रवाहात पाणी कोणी अडविलेले नाही. म्हणून 'वहन' हा साधा शब्दच योग्य वाटतो. मात्र त्याबरोबर छेद, काल व दिशा सांगितलीच पाहिजे.

६

शेवटी रूपकाचा न्याय करताना एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदविली पाहिजे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमारांनी नियमितपणे गोळा केलेल्या पाण्याच्या नमुन्यांवरून असे दिसून आले, की पावसाळ्यानंतर सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा कमी क्षारतेचा पट्टा किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेकडे सरकतो. संशोधकांनी त्यास पुन्हा समुद्रातील नदी असेच म्हटले. या वेळी रूपकास द्रव्याचा आधार होता. कारण ते पाणी खरोखरीच नद्यांचे, प्राधान्याने गंगा-ब्रह्मपुत्रेचे होते. महाग उपकरणांनी जे निसटले होते ते होडीतल्या बाटलीने पकडले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्या पट्ट्यात गोदावरीचाही वाटा मिसळतो, आणि म्हणून कयाधू व पूर्णा यांचाही. हिवाळ्याच्या प्रारंभी उपसागरातील हे गोडसर पाणी श्रीलंकेस वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय भागात येते, आणि त्या वेळी उत्तरवाही असलेला भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह त्यास वर नेतो. हिंगोलीच्या शिवारात पडलेल्या आणि सह्याद्रीकडे पाठ फिरवून निघालेल्या पावसाचा काही अंश, अतिशय विरळ होऊन का होईना, सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगाच्या समुद्रात येऊ शकतो. 'नदी समुद्रास मिळते' या वाक्यापुढे पूर्णविराम देण्याची घाई म्हणूनच करू नये.

परंतु द्रव्य नदीचे असले तरी गती नदीची नाही. हे पाणी उतारामुळे वाहत नाही, एका उगमापासून येत नाही, वर्षभर एका दिशेस जात नाही, आणि त्यास दुसरा काठ नाही. रूपक पाण्याविषयी खरे आणि वाहण्याविषयी खोटे आहे. विद्यार्थ्याने ते टाकून द्यावे असे नव्हे. ते कोठपर्यंत चालते याची खूण करून ठेवावी. तद्वतच यापुढे वहनाचा कोणताही आकडा टिपताना त्यासमोर चार रकाने आखावेत : छेद कोणता, काळ कोणता, निश्चल मानले ते काय, आणि बाहेरचा काठ कोठे धरला. ज्या आकड्यासमोर हे रकाने भरता येत नाहीत, तो आकडा पाठ करण्यापूर्वी मूळ लेख उघडून पाहावा.